तीन सेन्सर, तीन आकडे: मायक्रोकंट्रोलरला तापमान नीट कसं वाचायला लावायचं

एकाच ब्रेडबोर्डवर (वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर) एकमेकांना चिकटून बसवलेले तीन सेन्सर. खोली तीच, पंखा बंद, दुपारचे दोन. स्क्रीनवर पहिला म्हणतो ३१.९, दुसरा २८.८, तिसरा ३०. यातला खरा कोणता?

हा प्रश्न मला पडला तो मामाच्या कांदा चाळीमुळे. उन्हाळ कांदा चाळीत भरला की पुढचे चार-पाच महिने त्याचा जीव टांगणीला असतो. ढिगात कुठे सड लागली की त्या जागी ऊब वाढते आणि वास येईपर्यंत बराच माल गेलेला असतो. मी म्हटलं, ढिगात सेन्सर घालू. मामा म्हणाला, घाल, पण तीन अंशांचा फरक दाखवणारं यंत्र मला नको, त्यापेक्षा माझा हात बरा. तेव्हा आधी टेबलावर तिघांनाही वठणीवर आणायचं ठरवलं. तेच इथे क्रमाने सांगतो.

तिघांपैकी दोन अ‍ॅनालॉग: एलएम३५ ही चिप आणि १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर. तिसरा डिजिटल: डीएस१८बी२०. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड साधा, अर्डुइनो ऊनो.

सामान

तीन सेन्सर, ऊनो, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, १०० नॅनोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर (पिवळा, जांभळा, लाल) आणि १० किलोओहमचा एक. हा दुसरा मात्र एक टक्का टॉलरन्सचाच, म्हणजे लिहिलेल्या आकड्यापासून एक टक्क्याहून जास्त न ढळणारा घ्या. त्यावर पाच पट्टे असतात: तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. चार पट्ट्यांचा, सोनेरी शेपटीचा नको. का ते थर्मिस्टरपाशी कळेल. हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. मल्टिमीटर तर हवाच. त्याच्याशिवाय सेन्सर जोडणं म्हणजे मीठ न चाखता भाजी वाढणं.

पहिला: एलएम३५

चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली करून धरा. डावा पाय पुरवठ्याचा, मधला आउटपुटचा, उजवा ग्राउंडचा. डावा ५ व्होल्टला, उजवा ग्राउंडला जोडा. मधला लगेच बोर्डाला जोडू नका. आधी मल्टिमीटर २ व्होल्टच्या रेंजवर ठेवून मधला पाय आणि ग्राउंड यांच्यात मोजा. एलएम३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २८ अंशांच्या खोलीत मीटरवर ०.२८ दिसायला हवं. चिप बोटांच्या चिमटीत धरली की आकडा हळूहळू ०.३२-०.३३ कडे सरकतो. इथवर जमलं तर सेन्सर शाबूत आहे आणि पुढे काही बिघडलं तर दोष बोर्डात किंवा प्रोग्रॅममध्ये शोधायचा, हे पक्कं झालं.

आता मधला पाय बोर्डाच्या ए० या पिनेला जोडा. पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये, चिपच्या अगदी पायाशी, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

प्रोग्रॅममध्ये अ‍ॅनालॉगरीडने ० ते १०२३ मधला आकडा मिळतो. ५ व्होल्टचे १०२४ भाग केले तर एक भाग ४.८८ मिलिव्होल्टचा. म्हणून सरसकट सगळीकडे हे सूत्र दिलेलं असतं:

तापमान = आकडा × ५०० ÷ १०२४

इथेच पहिली गफलत. हे सूत्र बोर्डाला नेमके ५ व्होल्ट मिळताहेत असं धरून चालतं. माझ्या लॅपटॉपच्या यूएसबीवर, लांबलचक स्वस्त केबलच्या टोकाला, मीटरने मोजले तर ४.७ व्होल्ट निघाले. एलएम३५ बिचारा ३० अंशांना इमानदारीत ३०० मिलिव्होल्टच देत होता, पण मोजपट्टीच आखडली होती. ४.७ ची पट्टी ५ ची समजून वाचली की ३० चे ३१.९ होतात. पहिल्या आकड्याचं कोडं सुटलं. वर आणखी एक अडचण म्हणजे एक भाग ४.८८ मिलिव्होल्टचा, म्हणजे जवळपास अर्ध्या अंशाचा. त्यामुळे स्क्रीनवर दशांशाच्या पुढे दोन घरं दाखवली तरी ती शोभेची.

दोन्हींवर उतारा एकच. ऊनोवरच्या एटमेगा३२८पी चिपच्या आत १.१ व्होल्टचा स्वतंत्र संदर्भ असतो. अ‍ॅनालॉगरेफरन्स या फंक्शनला इंटर्नल हा पर्याय दिला की मोजपट्टी १.१ व्होल्टची होते. मग एक भाग साधारण १.०७ मिलिव्होल्टचा, म्हणजे अंशाचा दहावा हिस्सा. वरची मर्यादा ११० अंश. घरात, शेतात तेवढी पुरून उरते. यूएसबीचा व्होल्टेज वर-खाली झाला तरी या पट्टीला फरक पडत नाही.

पण ‘१.१’ हाही नावापुरता आकडा आहे. चिपनुसार तो १.० पासून १.२ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून एकदाच एक काम करा: इंटर्नल संदर्भ चालू करून एकदा अ‍ॅनालॉगरीड करा आणि एआरईएफ पिन व ग्राउंड यांच्यात मल्टिमीटरने मोजा. माझ्या बोर्डावर १.०८ आले. वरच्या सूत्रात ५०० च्या जागी त्याची शंभरपट, म्हणजे माझ्यासाठी १०८ घाला, हा आकडा बोर्डाच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. बोर्ड बदलला की हा आकडाही बदलतो. मी हे एकदा विसरलो आणि अख्खी संध्याकाळ वायरी उपटत बसलो.

वाचन एकदाच घेऊ नका. सोळा वेळा घ्या, बेरीज करा, सोळाने भागा. आकडा नाचायचा थांबतो.

एलएम३५ लांब वायरीवर न्यायचा असेल तर चिपच्या मधल्या पायालाच २ किलोओहमचा रेझिस्टर लावून मग वायर ओढा. लांब वायरीचा कपॅसिटन्स या चिपला झेपत नाही, आउटपुट थरथरायला लागतं आणि आकडे भुताने झपाटल्यासारखे उड्या मारतात. पाच-सात मीटरच्या पुढे मात्र मी एलएम३५ च्या वाटेला जातच नाही.

दुसरा: थर्मिस्टर

थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर. एनटीसी प्रकारात तापमान वाढलं की ओहम घटतात. बाजारात मिळणारा नेहमीचा नमुना २५ अंशांना १० किलोओहमचा, बीटा (तापमानाबरोबर ओहम किती झपाट्याने बदलतात ते सांगणारा आकडा) ३९५०. शून्याला तो साधारण साडेतेहेतीस किलोओहम असतो, पन्नासला ३.६ किलोओहम. त्याला उलटसुलट पाय नसतात, कसाही लावा.

नुसत्या थर्मिस्टरमधून व्होल्टेज मिळत नाही, त्याला जोडीदार लागतो. ५ व्होल्टपासून १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला थर्मिस्टर आणि थर्मिस्टरचं उरलेलं टोक ग्राउंडला. दोघं जिथे भेटतात ती गाठ ए१ ला. २५ अंशांना दोघंही १० किलोओहमचे, म्हणून आकडा पाचशे अकराच्या आसपास यायला हवा. गरम केलं की तो घटला पाहिजे. वाढत असेल तर थर्मिस्टर आणि रेझिस्टर यांची जागा अदलाबदल झाली आहे.

हिशोब दोन टप्प्यांत. आधी ओहम:

थर्मिस्टरचे ओहम = १०००० × आकडा ÷ (१०२३ − आकडा)

मग तापमान. ओहमना १०००० ने भागायचं, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, ३९५० ने भागायचं, त्यात १ ÷ २९८.१५ मिळवायचे, आलेल्या संख्येचा व्यस्त घ्यायचा आणि २७३.१५ वजा करायचे. एकदा हाताने करून पाहू. आकडा ४०० आला. ओहम झाले ६४२०. भागाकार ०.६४२, त्याचा लॉगॅरिदम उणे ०.४४३, भागिले ३९५० म्हणजे उणे ०.०००११२२. त्यात ०.००३३५४० मिळवले की ०.००३२४१८. व्यस्त ३०८.५ केल्विन, म्हणजे ३५.३ अंश. तुमच्या प्रोग्रॅमला ४०० हा आकडा हाताने भरवून हेच उत्तर येतंय का पाहा. अर्डुइनोतलं लॉग हे फंक्शन नैसर्गिक लॉगॅरिदमच देतं, एक्सेलमधलं त्याच नावाचं फंक्शन मात्र दहाच्या पायाचं; तिथे एलएन वापरायचं. अनेकांचे तक्ते इथेच बिघडतात.

या जोडणीतली गंमत अशी की इथे यूएसबीचा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही. पट्टीही त्याच ५ व्होल्टची आणि जोडीलाही तेच ५ व्होल्ट, त्यामुळे दोन्ही सारखेच आखडतात आणि गुणोत्तर कायम राहतं. म्हणून थर्मिस्टरसाठी १.१ ची पट्टी वापरायची नाही, नेहमीचीच ठेवायची. आता एकाच बोर्डावर एलएम३५ ला १.१ ची पट्टी आणि थर्मिस्टरला पुरवठ्याची. पट्टी बदलता येते, पण बदलल्यावर एआरईएफवरचा कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ लागतो. प्रत्येक बदलानंतर एक वाचन घेऊन फेकून द्या, ५० मिलिसेकंद थांबा, आणखी दोन-तीन वाचनं फेका आणि मगच खरी सोळा घ्या.

मग माझा थर्मिस्टर २८.८ का दाखवत होता? मी डब्यातला सोनेरी पट्ट्याचा, पाच टक्के टॉलरन्सचा रेझिस्टर लावला होता. मीटरने मोजला तर ९.५ किलोओहम. खोलीच्या तापमानाला हा थर्मिस्टर दर अंशाला सव्वाचार टक्के बदलतो, म्हणजे रेझिस्टरमधली पाच टक्क्यांची चूक सरळ सव्वा अंशाची चूक झाली. एक टक्केवाला लावा, वर तो मीटरने मोजा आणि ओहमच्या पहिल्या सूत्रात १०००० ऐवजी मोजलेलाच आकडा घाला.

थर्मिस्टर स्वतःच्या करंटनेही थोडा तापतो. बारीक मण्याच्या थर्मिस्टरमध्ये या जोडणीत अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्याला ५ व्होल्टऐवजी डिजिटल पिनमधून पुरवठा द्या, वाचायच्या वेळीच पिन हाय करा, वाचून झालं की लो. बॅटरीही वाचते.

तिसरा: डीएस१८बी२०

जोडण्याआधी एक ताकीद. याचंही रूप अगदी एलएम३५ सारखं: तीन पायांचा काळा दाणा, एक बाजू चपटी. पण पाय उलटे! चपटी बाजू आपल्याकडे धरली तर डावा ग्राउंड, मधला डेटा, उजवा पुरवठा. एलएम३५ काढून त्याच भोकांत हा खोचला की पुरवठा उलटा लागतो आणि दाणा क्षणात इतका तापतो की बोटाला चटका बसतो. माझ्या तर्जनीवर दोन दिवस डाग होता. चटका बसला तर आधी केबल उपटा. लगेच काढला तर सेन्सर बहुतेक वेळा वाचतो.

जोडणी सोपी आहे. डावा ग्राउंडला, उजवा ५ व्होल्टला, मधला २ नंबरच्या डिजिटल पिनला आणि मधला व उजवा यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर विसरू नका. या सेन्सरला डेटाची रेषा फक्त खाली ओढता येते, वर नेण्याचं काम या रेझिस्टरचं. तो नसेल तर बोर्डाला सेन्सर दिसतच नाही. स्टीलच्या नळीतला वॉटरप्रूफ प्रोब घेतला असेल तर बहुधा लाल पुरवठा, काळी ग्राउंड, पिवळी डेटा. पण रंगांवर विसंबू नका, विकणाऱ्याचा तक्ता पाहा.

अर्डुइनोच्या लायब्ररी मॅनेजरमधून वनवायर आणि डॅलसटेम्परेचर या दोन लायब्रऱ्या घ्या. डॅलस हे नाव सेन्सर बनवणाऱ्या मूळ कंपनीचं, डॅलस सेमिकंडक्टरचं. ती २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली. म्हणून एकाच सेन्सरच्या माहितीपत्रकांवर तीन वेगवेगळी नावं सापडतात.

इथे पट्टीचा प्रश्नच नाही, कारण मोजमाप सेन्सरच्या पोटातच होतं आणि वायरीवरून तयार संख्या येते. उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात चूक अर्ध्या अंशाच्या आत. सर्वात बारीक म्हणजे १२ बिटच्या मोजणीत एक पायरी ०.०६२५ अंशाची, पण तिला ७५० मिलिसेकंद लागतात. ९ बिटवर पायरी अर्ध्या अंशाची आणि वेळ ९४ मिलिसेकंदांच्या आत. लायब्ररी एरवी मोजणी संपेपर्यंत प्रोग्रॅम अडवून धरते. बटण, डिस्प्ले वगैरेही सांभाळायचं असेल तर वाट पाहणं बंद करा. मोजणीचा हुकूम द्या, दुसरी कामं करा, पाऊण सेकंद उलटल्यावर येऊन आकडा उचला.

आता दोन आकडे तोंडपाठ करून ठेवा. ८५ आणि उणे १२७. ८५ म्हणजे सेन्सर नुकताच चालू झाला आहे आणि मोजणी झालेलीच नाही. एकतर हुकूम दिलेला नाही, नाहीतर मोजणी चालू असताना मध्येच पुरवठा तुटला. वारंवार ८५ येत असेल तर पुरवठ्याची वायर आणि तिचे सोल्डरचे डाग तपासा. उणे १२७ सेन्सर देत नाही, लायब्ररी देते: सेन्सर सापडला नाही, किंवा आलेला डेटा तपासणीत बाद झाला. रेझिस्टर नाही, डेटाची वायर सुटली, पाय उलटे लागले, यांपैकीच काहीतरी. हे दोन्ही आकडे सरासरीत शिरू देऊ नका. एक उणे १२७ शिरला की तासाभराचा आलेख मातीत.

प्रत्येक डीएस१८बी२० च्या आत ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक कोरलेला असतो, म्हणून एकाच वायरीवर अनेक सेन्सर राहू शकतात. सगळे एकदम जोडून मग कोणता कोणता ते ओळखत बसू नका. एकेक जोडा, लायब्ररीतल्या नमुना प्रोग्रॅमने क्रमांक वाचा, वायरीला कागदी चिठ्ठी बांधा, वहीत लिहा, मग पुढचा.

ऊनोऐवजी ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: डीएस१८बी२० ला ३.३ व्होल्ट चालतात, रेझिस्टरही ३.३ व्होल्टलाच ओढा. एलएम३५ ला किमान ४ व्होल्ट लागतात, तेव्हा त्याला ५ व्होल्टच्या पिनेवरून पुरवठा द्या. आउटपुट एरवीच्या तापमानाला अर्ध्या व्होल्टच्याही आत असल्यामुळे बोर्डाला धोका नाही. मात्र ईएसपी३२ चं अ‍ॅनालॉग वाचन तळाशी कच्चं आहे आणि वायफाय चालू असताना त्याच्या दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिना वापरता येत नाहीत. त्या बोर्डावर मी डोळे झाकून डिजिटल सेन्सरच घेतो.

आता परीक्षा

बर्फ चेचून चुरा करा, तोंडापर्यंत थर्मास भरा आणि बर्फ जेमतेम भिजेल एवढंच पाणी घाला. पाण्यात चार खडे तरंगताहेत असं नको, तळाशी चार अंशांचं पाणी साचतं. ढवळा, प्रोब मध्यभागी धरा, पाच मिनिटं थांबा. इथे ० यायला हवं. माझ्या पाच प्रोबपैकी चार अर्ध्या अंशाच्या आत होते आणि पाचवा २.१ दाखवत होता. ऑनलाइन मागवलेल्या या सेन्सरमध्ये नकली माल पुष्कळ फिरतो. तो पाचवा बाजूला काढला.

एलएम३५ ला ही परीक्षा देऊ नका. साध्या जोडणीत तो २ अंशांच्या खाली वाचू शकत नाही, कारण त्याचं आउटपुट अगदी शून्यापर्यंत उतरत नाही. त्याच्यासाठी कोमट पाणी आणि तापाचा डिजिटल थर्मामीटर. ३८ अंशांच्या आसपासचं पाणी, त्यात दोन्ही शेजारी-शेजारी, ढवळत. एलएम३५ चे पाय आधी हीट श्रिंकमध्ये (तापवली की आवळणाऱ्या नळीत) घेऊन अ‍ॅरल्डाइटने बंद करा, नाहीतर तुम्ही पाण्याचं तापमान मोजत नसून पाण्यातून वाहणारा करंट मोजत असाल.

उकळत्या पाण्याने परीक्षा घेणाऱ्यांनी १०० धरू नये. पुण्यात, नाशिकमध्ये पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात साडेपंचाण्णवला. सेन्सर बरोबर असतो आणि आपण प्रोग्रॅममध्ये दोन अंश वाढवून ठेवतो, असं होतं.

चाळीत

या परीक्षेनंतर तिन्ही सेन्सर टेबलावर अर्ध्या अंशाच्या आत आले, पण चाळीत मी नेले फक्त डीएस१८बी२०. पंधरा मीटरवर मिलिव्होल्ट पोचवण्यापेक्षा संख्या पोचवणं सोपं. वायर नेटवर्कची केबल घेतली. तिच्या एका पिळाच्या जोडीत डेटा आणि ग्राउंड, दुसऱ्या जोडीत पुरवठा आणि ग्राउंड. मूळ वायर चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच, आणि प्रत्येक प्रोब तिला वीतभर वायरीने जोडलेला. बोर्डापासून प्रत्येक प्रोबला वेगळी लांब वायर काढली होती तेव्हा सेन्सर कधी दिसायचे, कधी गायब व्हायचे, कारण प्रत्येक फाट्याच्या टोकावरून सिग्नल परतून गोंधळ घालतो. लांबीमुळे ४.७ किलोओहमच्या जागी २.२ लावला. सांधे नुसत्या टेपने नाही, डाग देऊन आणि वर हीट श्रिंक. चाळीत दमट हवा असते आणि टेपचा डिंक पहिल्याच पावसाळ्यात सुटतो. वाचन दर पाच मिनिटांनी, कांद्याच्या ढिगाला त्याहून घाई नसते.

चार प्रोब, वायरीच्या वाटेवर एक ते चार. मामा आता रोज सकाळी चहाबरोबर स्क्रीन पाहतो. मागच्या महिन्यात एक आणि दोन व्यवस्थित होते, तीन आणि चार एकदम उणे १२७. म्हणजे वायर दोन आणि तीनच्या मध्ये तुटली. तो बॅटरी घेऊन सरळ तिथेच गेला, कुरतडलेली वायर हातात घेऊन आला आणि म्हणाला, “तुझं हे उंदीर मोजायचं यंत्र मात्र चांगलं आहे.”